सुडोकू अडकले? अंदाज न लावता पुढे जाण्याच्या पद्धती

सुडोकूचे कोडे बहुतेकांच्या हातात एका ठरावीक टप्प्यावर येऊन थांबते. सुरुवातीचे दहा-पंधरा अंक भराभर बसतात आणि मग एकही घर पक्के होत नाही. अशा वेळी कोणी पेपर बाजूला ठेवतो, कोणी उत्तर पाहतो, तर कोणी ‘इथे ३ असेल बहुतेक’ असे म्हणून पुढे जातो. यातला शेवटचा मार्ग सर्वांत महागात पडतो. चुकीचा अंक लगेच लक्षात येत नाही. तो शांत बसतो आणि वीस घरे भरून झाल्यावर एका ओळीत दोन सहा दिसतात. चूक नेमकी कुठे झाली, हे तोपर्यंत कळण्यापलीकडे गेलेले असते.

खरे तर नीट रचलेल्या सुडोकूत अंदाज लावण्याची गरज नसते. अडकणे म्हणजे माहिती संपली असे नाही, तर प्रश्न बदलण्याची वेळ आली असे समजावे. ‘या घरात कोणता अंक येईल?’ हा प्रश्न थकला की ‘या घरात कोणता अंक येऊच शकत नाही?’ असे विचारावे लागते. शक्यता एकेक करून खोडत जाण्याच्या या पद्धतीला निरसन म्हणता येईल. ती कशी वापरायची, हे या लेखात सोप्या पद्धतींपासून अवघड पद्धतींपर्यंत क्रमाने दिले आहे.

आधी नियम आणि शब्द

सुडोकूत ९ आडव्या ओळी, ९ उभे स्तंभ आणि ३ × ३ घरांच्या ९ चौकटी असतात. एकूण घरे ८१. प्रत्येक ओळीत, स्तंभात आणि चौकटीत १ ते ९ हे अंक एकदाच यायला हवेत. नियम एवढाच.

या लेखात ओळी वरून खाली आणि स्तंभ डावीकडून उजवीकडे मोजले आहेत. म्हणजे ‘ओळ ४, स्तंभ ८’ हे घर वरून चौथ्या ओळीत आणि डावीकडून आठव्या जागी आहे. ओळ, स्तंभ किंवा चौकट यांपैकी कशालाही मिळून ‘गट’ म्हटले आहे. ९ ओळी, ९ स्तंभ आणि ९ चौकटी मिळून असे २७ गट होतात. एखाद्या रिकाम्या घरात जे अंक अजून येऊ शकतात, त्यांना त्या घराचे ‘उमेदवार’ म्हटले आहे.

लोक अडकतात का?

प्रत्येक घर तीन गटांत मोडते: एक ओळ, एक स्तंभ आणि एक चौकट. त्यामुळे प्रत्येक घरावर इतर २० घरांचा परिणाम होतो. ओळीतली ८, स्तंभातली ८ आणि चौकटीतली उरलेली ४. नवखा माणूस सहसा एका वेळी एकाच घराकडे पाहतो आणि या २० घरांत कोणते अंक आहेत ते तपासतो.

समजा एका रिकाम्या घराच्या ओळीत १, ४, ६, ८ आहेत, स्तंभात २, ४, ९ आहेत आणि चौकटीत ३, ७ आहेत. मग उरतो फक्त ५. तोच तिथे येणार. इंग्रजी पुस्तकांत आणि ॲपमध्ये याला ‘नेकेड सिंगल’ म्हणतात.

ही पद्धत बरोबर आहे, पण तिच्यावरच अवलंबून राहिले की कोडे थांबते. मध्यम पातळीच्या कोड्यात एका टप्प्यानंतर प्रत्येक घरात दोन, तीन, चार उमेदवार दिसू लागतात आणि सगळे संपले असे वाटते. प्रत्यक्षात तेवढ्याच अंकांत आणखी बरीच माहिती दडलेली असते. ती दुसऱ्या बाजूने पाहिल्यावर दिसते.

पहिली पद्धत: अंकासाठी जागा शोधणे

घर धरून अंक शोधण्याऐवजी अंक धरून जागा शोधावी. वरच्या तीन ओळी अशा आहेत असे समजू. रिकाम्या घरांच्या जागी आडवी रेघ आहे.

ओळ १:  –  ९  –  |  –  ७  –  |  ३  –  –
ओळ २:  ४  –  –  |  –  –  १  |  –  –  ८
ओळ ३:  –  –  २  |  ६  –  –  |  –  ७  –

डावीकडच्या चौकटीत ७ नाही. तो कुठे येईल? ओळ १ मध्ये ७ आधीच आहे, ओळ ३ मध्येही आहे. म्हणजे या चौकटीतला ७ ओळ २ मध्येच येणार. तिथे पहिल्या घरात ४ आहे, म्हणून स्तंभ २ आणि स्तंभ ३ एवढीच दोन घरे उरतात. स्तंभ २ मध्ये खाली कुठेतरी ७ आला असेल, तर तेही घर बाद होते. ७ ची जागा ठरली: ओळ २, स्तंभ ३.

आता तेच घर एकटे पाहू. त्याच्या ओळीत ४, १, ८ आणि चौकटीत ९, ४, २ आहेत. म्हणजे तिथे ३, ५, ६, ७ असे चार उमेदवार दिसतात. घराकडे पाहणाऱ्याला चार पर्याय दिसले असते आणि तो पुढे गेला असता. अंकाकडे पाहणाऱ्याला तिथेच उत्तर मिळाले. अशा अंकाला ‘हिडन सिंगल’ म्हणतात, कारण तो इतर उमेदवारांच्या गर्दीत लपलेला असतो.

अडकल्यावर सर्वांत आधी हेच करावे. १ पासून ९ पर्यंत एकेक अंक घ्यावा आणि ज्या चौकटींत तो नाही तिथे त्याला किती जागा उरल्या ते पाहावे. जो अंक कोड्यात पाच-सहा ठिकाणी आला आहे, त्यापासून सुरुवात केली तर फायदा लवकर दिसतो. चौकटी झाल्यावर हाच प्रश्न ओळींना आणि स्तंभांनाही विचारावा. बरेच जण चौकटी पाहून थांबतात, आणि ओळीत किंवा स्तंभात लपलेला अंक तसाच राहतो.

दुसरी पद्धत: उमेदवार लिहून काढणे

एवढे करूनही कोडे हलले नाही, तर पेन्सिल हातात घ्यावी. प्रत्येक रिकाम्या घरात शक्य असलेले सगळे अंक बारीक अक्षरात लिहावेत. मोबाइल ॲपमध्ये यासाठी ‘नोट्स’ असे बटण असते.

पुढच्या सगळ्या पद्धती या नोंदींवर चालतात, म्हणून त्या करताना दोन गोष्टी पाळाव्यात. नोंदी पूर्ण असाव्यात. काही घरांत उमेदवार लिहिले आणि काहींत सोडले, तर ‘हा अंक फक्त इथेच येतो’ असा निष्कर्ष चुकीचा निघू शकतो. आणि नवा अंक भरला की त्याची ओळ, स्तंभ आणि चौकट यांतून तो अंक लगेच खोडावा. जुन्या नोंदी तशाच राहिल्या की पुढचा तर्क बरोबर असूनही उत्तर चुकते.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. या टप्प्यापासून प्रत्येक पायरीला अंक भरला जाईलच असे नाही. काही पायऱ्यांत फक्त एखादा उमेदवार खोडला जातो. तीही प्रगतीच आहे. ‘दहा मिनिटांत एकही अंक भरला नाही’ म्हणून हताश होणाऱ्याने या काळात किती उमेदवार खोडले ते मोजावे.

तिसरी पद्धत: चौकट आणि ओळ यांची गाठ

मधली चौकट घेऊ, म्हणजे ओळी ४ ते ६ आणि स्तंभ ४ ते ६. तिच्यात २ कुठे येईल ते शोधायचे आहे. ओळ ६ मध्ये २ डावीकडच्या चौकटीत आधीच आला आहे, म्हणून मधल्या चौकटीतली तिसरी ओळ बाद. स्तंभ ५ मध्ये वर कुठेतरी २ आहे, म्हणून मधला स्तंभही बाद. ओळ ५ मध्ये स्तंभ ४ आणि ६ ची घरे ८ आणि १ यांनी भरलेली आहेत. आता २ साठी उरली दोनच घरे: ओळ ४, स्तंभ ४ आणि ओळ ४, स्तंभ ६.

यांपैकी नेमके कोणते, हे अजून माहीत नाही. पण ते माहीत असण्याची गरजही नाही. दोन्ही घरे ओळ ४ मध्येच आहेत. म्हणजे ओळ ४ चा २ मधल्या चौकटीतच येणार, तो उजवीकडच्या चौकटीत येऊ शकत नाही. समजा ओळ ४, स्तंभ ८ या घरात २ आणि ९ असे उमेदवार होते. २ खोडला गेला, उरला ९. एक घर भरले. शिवाय उजवीकडच्या चौकटीतला २ आता ओळ ५ मध्येच येणार, हेही समजले. याला ‘पॉइंटिंग पेअर’ म्हणतात.

हाच तर्क उलटही चालतो. ओळ ७ मध्ये ५ ला जागा फक्त शेवटच्या तीन स्तंभांत उरली असेल, तर ती तीन घरे खालच्या उजव्या चौकटीत आहेत. त्या चौकटीचा ५ ओळ ७ मध्येच येणार हे नक्की झाले. मग त्याच चौकटीतल्या ओळ ८ आणि ९ च्या घरांतून ५ खोडता येतो.

अर्धवट माहितीतूनही पक्का निष्कर्ष निघू शकतो, हे या पद्धतीचे मर्म आहे. ‘कुठे आहे’ हे माहीत नसले तरी ‘कुठे नाही’ हे कळते.

चौथी पद्धत: जोडी

ओळ ३ मध्ये १, ४, ७, ९ भरलेले आहेत. पाच घरे रिकामी आहेत आणि तिथे २, ३, ५, ६, ८ यायचे आहेत. नोंदी अशा आहेत:

स्तंभ १: ३, ८
स्तंभ ३: ३, ५, ८
स्तंभ ४: ३, ८
स्तंभ ६: २, ३, ५, ६
स्तंभ ९: २, ६, ८

स्तंभ १ आणि स्तंभ ४ या दोन घरांत तेच दोन उमेदवार आहेत, ३ आणि ८. एकात ३ आला तर दुसऱ्यात ८, आणि उलट. कसेही झाले तरी ३ आणि ८ याच दोन घरांत संपणार. त्यामुळे ओळीतल्या बाकीच्या घरांतून हे दोन्ही अंक खोडायचे.

स्तंभ ३ मध्ये उरतो फक्त ५. तो भरला. स्तंभ ६ मधून ३ गेला आणि आता ५ ही गेला, राहिले २ आणि ६. स्तंभ ९ मधून ८ गेला, राहिले २ आणि ६. ओळीत आता २ आणि ६ ची दुसरी जोडी तयार झाली. एका निरीक्षणातून एक घर भरले आणि पाच घरांच्या गोंधळाच्या जागी दोन स्वच्छ जोड्या उरल्या. त्यांचा निकाल आता स्तंभांतून किंवा चौकटींतून लागेल.

याला ‘नेकेड पेअर’ म्हणतात. जोडीची दोन्ही घरे एकाच गटात असली पाहिजेत आणि दोन्हींत नेमके तेच दोन उमेदवार असले पाहिजेत. एका घरात तिसरा अंक असेल तर ती जोडी नाही. घाईत ही चूक बऱ्याचदा होते.

तीन घरांची तिकडीही अशीच चालते. तीन घरांत मिळून तीनच अंक असतील तर ते अंक त्या गटात इतरत्र येणार नाहीत. प्रत्येक घरात तिन्ही अंक हवेतच असे नाही. १-५, ५-८ आणि १-८ अशी तीन घरे असली तरी ती तिकडीच. ही चटकन दिसत नाही, म्हणून दोन उमेदवार असलेली घरे आधी शोधावीत.

पाचवी पद्धत: लपलेली जोडी

एका चौकटीत पाच घरे रिकामी आहेत आणि १, ३, ४, ६, ९ यायचे आहेत. नोंदी अशा:

पहिले घर: १, ३, ६, ९
दुसरे घर: १, ४, ६, ९
तिसरे घर: ३, ४, ९
चौथे घर: ३, ९
पाचवे घर: ३, ४

घरे पाहिली तर जोडी दिसत नाही. आता अंक पाहू. १ कुठे येतो? फक्त पहिल्या दोन घरांत. ६ कुठे येतो? तोही त्याच दोन घरांत. दोन अंकांना मिळून दोनच जागा आहेत, म्हणून त्या जागा त्यांच्यासाठी राखीव झाल्या. पहिल्या घरातून ३ आणि ९, तर दुसऱ्या घरातून ४ आणि ९ खोडता येतात.

हेच चित्र दुसऱ्या बाजूनेही दिसते. उरलेल्या तीन घरांत मिळून ३, ४, ९ हे तीनच अंक आहेत, म्हणजे ती तिकडी आहे. लपलेली जोडी आणि उघडी तिकडी या एकाच वस्तुस्थितीच्या दोन बाजू. ज्याला जी आधी दिसेल ती त्याने वापरावी.

सहावी पद्धत: एक्स-विंग आणि वाय-विंग

‘कठीण’ असा शिक्का असलेल्या कोड्यांत वरच्या पद्धती कधी कधी पुरत नाहीत. तिथे दोन प्रसिद्ध पद्धती कामी येतात.

एक्स-विंगमध्ये एकाच अंकाचा पाठलाग करायचा. समजा ओळ २ मध्ये ४ ला स्तंभ ३ आणि स्तंभ ८ अशा दोनच जागा आहेत. ओळ ७ मध्येही ४ ला त्याच दोन स्तंभांत जागा आहे. ओळ २ चा ४ स्तंभ ३ मध्ये गेला, तर ओळ ७ चा ४ स्तंभ ८ मध्ये जावाच लागेल. पहिला स्तंभ ८ मध्ये गेला, तर दुसरा स्तंभ ३ मध्ये. दोन्ही शक्यतांत या दोन स्तंभांचे ४ या दोन ओळींतच संपतात. म्हणून स्तंभ ३ आणि ८ मधल्या बाकी सर्व घरांतून ४ खोडायचा. ओळ ५, स्तंभ ३ मध्ये ४ आणि ७ असे उमेदवार असतील, तर तिथे ७ येणार. चार कोपरे तिरप्या रेघांनी जोडले की इंग्रजी एक्सचा आकार होतो, त्यावरून हे नाव.

वाय-विंगमध्ये प्रत्येकी दोन उमेदवार असलेली तीन घरे लागतात. ओळ १, स्तंभ १ मध्ये ५ आणि ८ आहेत. ओळ १, स्तंभ ७ मध्ये ३ आणि ५ आहेत. ओळ ४, स्तंभ १ मध्ये ३ आणि ८ आहेत. पहिल्या घरात ५ आला तर त्याच ओळीतल्या दुसऱ्या घरात ३ येणार. पहिल्या घरात ८ आला तर त्याच स्तंभातल्या तिसऱ्या घरात ३ येणार. काहीही झाले तरी दुसऱ्या किंवा तिसऱ्या घरात ३ आहेच. ओळ ४, स्तंभ ७ हे घर या दोन्हींच्या प्रभावाखाली येते, म्हणून तिथून ३ खोडायचा.

अंदाज का लावू नये?

दोन उमेदवार असलेल्या घरात एक अंक धरून पाहणे, हे गणिताच्या दृष्टीने चुकीचे नाही. सुडोकू सोडवणारे बरेच संगणक प्रोग्रॅम तेच करतात. अंक धरतात, विसंगती आली की मागे येतात आणि दुसरा धरतात. पण संगणकाला प्रत्येक पाऊल आठवते. कागदावर खोडरबर फिरवणाऱ्या माणसाला कोणते अंक अंदाजाआधीचे आणि कोणते नंतरचे, हे आठवत नाही.

दुसरा धोका याहून मोठा आहे. अंक धरल्यावर थोडा वेळ काही बिघडले नाही, की ‘म्हणजे हाच बरोबर’ असे वाटू लागते. विसंगती न दिसणे हा पुरावा नव्हे. ती पुढच्या घरात दडलेली असू शकते. उलट विसंगती सापडली, तर मात्र तो पुरावा आहे: धरलेला अंक नक्की चूक. म्हणून करायचेच असेल, तर वेगळ्या कागदावर किंवा वेगळ्या रंगाने करावे, आणि त्यातून ‘हा अंक इथे येत नाही’ एवढाच निष्कर्ष मूळ कोड्यात आणावा.

चूक झाल्याचे कसे ओळखावे?

एकाच गटात तोच अंक दोनदा आला, एखाद्या रिकाम्या घरात एकही उमेदवार उरला नाही किंवा एखाद्या अंकाला एखाद्या चौकटीत जागाच उरली नाही, तर आधी कुठेतरी चूक झाली आहे. अशा वेळी पुढे सोडवत राहण्यात अर्थ नसतो. आधी छापील अंक नीट उतरवले आहेत का ते पाहावे, मग सत्तावीस गट एकदा नजरेखालून घालावेत. चूक सापडली नाही, तर फक्त छापील अंक कोऱ्या चौकोनात पुन्हा लिहून सुरुवात करणे हाच कमी वेळाचा मार्ग असतो.

कोडेच सदोष असेल तर?

समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या चित्रांतले प्रत्येक सुडोकू नीट रचलेले असते असे नाही. कोड्याला एकच उत्तर असेल, तरच ते तर्काने शेवटपर्यंत सुटते. सदोष कोडे ओळखण्याच्या दोन सोप्या खुणा आहेत.

पहिली, दिलेले अंक मोजावेत. १७ पेक्षा कमी अंक दिलेल्या कोड्याला एकच उत्तर असू शकत नाही. डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले गणितज्ञ गॅरी मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये संगणकाच्या साहाय्याने हे दाखवून दिले. पूर्ण भरलेल्या सुडोकूंची संख्या २२ अंकी आहे: ६,६७,०९,०३,७५,२०,२१,०७,२९,३६,९६०. ही संख्या बर्ट्राम फेल्गनहाउअर आणि फ्रेझर जार्विस यांनी २००५ मध्ये काढली होती. अर्थात १७ किंवा जास्त अंक आहेत म्हणून कोडे निर्दोष ठरते असे नाही.

दुसरी खूण, दिलेल्या अंकांत किमान आठ वेगवेगळे अंक असावेत. समजा संपूर्ण कोड्यात ४ आणि ७ एकदाही दिलेले नाहीत. मग कोणत्याही उत्तरात सगळ्या ४ च्या जागी ७ आणि ७ च्या जागी ४ लिहिले तरी तेही उत्तर बरोबरच ठरते. असे कोडे कितीही हुशार माणसाला ठरावीक जागी अडकवणारच, आणि दोष त्याचा नसतो.

नावातच आहे निरसन

आजच्या रूपातले सुडोकू पहिल्यांदा १९७९ मध्ये अमेरिकेतल्या डेल मासिकात ‘नंबर प्लेस’ या नावाने छापले गेले. त्याची रचना हॉवर्ड गार्न्स या निवृत्त वास्तुविशारदाची मानली जाते. १९८४ मध्ये जपानच्या निकोली प्रकाशनाने ते तिथल्या वाचकांपुढे आणले. प्रकाशनाचे माकी काजी यांनी दिलेल्या लांबलचक जपानी नावाचा अर्थ साधारण ‘अंक अविवाहितच राहिले पाहिजेत’ असा होता, म्हणजे प्रत्येक गटात अंक एकटाच हवा. त्याचेच पुढे ‘सुडोकू’ झाले. वेन गूल्ड या हाँगकाँगमध्ये न्यायाधीश राहिलेल्या न्यूझीलंडच्या गृहस्थांनी अशी कोडी तयार करणारा संगणक प्रोग्रॅम लिहिला, आणि नोव्हेंबर २००४ मध्ये लंडनच्या ‘द टाइम्स’ने ती छापायला सुरुवात केली. तिथून हे कोडे जगभर पसरले. २००६ मध्ये इटलीत पहिली जागतिक सुडोकू स्पर्धा झाली आणि २००८ ची तिसरी स्पर्धा गोव्यात भरली.

अडकल्यावर तपासायचा क्रम

१. भरलेले अंक आणि दिलेले अंक बरोबर उतरले आहेत का?
२. १ ते ९ एकेक अंक घेऊन प्रत्येक चौकटीत, मग ओळीत आणि स्तंभात त्याला किती जागा उरल्या?
३. सर्व रिकाम्या घरांत उमेदवार लिहिले आणि अद्ययावत केले आहेत का?
४. एखाद्या चौकटीत एखादा अंक एकाच ओळीत किंवा स्तंभात अडकला आहे का?
५. एकाच गटात तेच दोन उमेदवार असलेली दोन घरे आहेत का?
६. दोन अंकांना मिळून दोनच जागा उरल्या आहेत का?
७. एखाद्या अंकाला दोन ओळींत त्याच दोन स्तंभांत जागा आहे का?
८. कोणतीही पायरी यशस्वी झाली की थेट पुढे न जाता पुन्हा पायरी २ पासून सुरुवात करावी. एक उमेदवार खोडल्यावर सोप्या पद्धतीनेही दोन-तीन घरे भरली जाऊ शकतात.

नेहमी पडणारे प्रश्न

सुडोकूसाठी गणित यावे लागते का?
नाही. यात बेरीज-वजाबाकी काहीच नसते. अंकांच्या जागी क, ख, ग अशी नऊ अक्षरे किंवा नऊ चित्रे ठेवली तरी कोडे तेच राहते. शाळेत गणित जमले नाही म्हणून सुडोकू जमणार नाही, असे समजण्याचे कारण नाही.

ॲपने आपोआप भरलेले उमेदवार वापरावेत का?
वेळ वाचतो आणि नोंदींतल्या चुका टळतात, त्यामुळे जोड्या आणि एक्स-विंग शिकताना ते सोयीचे आहे. पण सुरुवातीपासूनच सगळी घरे बारीक अंकांनी भरली, तर अंकासाठी जागा शोधण्याची सवय लागत नाही. आधी पहिली पद्धत संपवावी, मगच ती सोय सुरू करावी.

‘हिंट’ घेतली तर काय बिघडते?
उत्तर सांगणारी हिंट काही शिकवत नाही. कारण सांगणारी हिंट शिकवते. ॲपने अंक भरून दिला असेल, तर तो तिथेच का येतो हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये.

सगळी कोडी याच पद्धतींनी सुटतात का?
नाही. अतिकठीण कोड्यांत याहून लांब तर्कसाखळ्या लागतात. पण त्यांचाही पाया हाच असतो: दोन्ही शक्यता तपासायच्या, आणि दोन्हींत जे खोटे ठरते ते खोडायचे.